माळ्याची विनंती आणि माळ्याची कुदळ

शास्त्रपाठ : लूक, अध्याय १३, ओव्या ६ ते ९



आमच्या प्रभूने सांगितलेल्या ह्या लहानशा दाखल्यात मळ्याचा धनी, त्याचा माळी आणि फळ न देणारे अंजिराचे झाड, एवढीच मंडळी आहे. धनी तीन वर्षे फळ पाहावयास आला आणि तीन वेळा रिकाम्या हाताने परत गेला. झाड उगीच जागा अडवून राहिले आहे, सबब ते तोडावे, असा त्याचा हुकूम झाला. तेव्हा माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली. ह्या विनंतीविषयी आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु तिच्या पाठोपाठ माळ्याने काय पत्करले, हे थोडेच जण ध्यानात घेतात. झाडाभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम त्याने आपल्याच अंगावर घेतले. ज्याने मुदत मागितली, त्यानेच कुदळ उचलली.

ह्या दाखल्याचा मुख्य अर्थ पश्चात्तापाविषयी आहे, हे खरे. तथापि जो पश्चात्ताप हातापायांत उतरत नाही, तो मनातही फार दिवस टिकत नाही. यास्तव आज आपण हा पाठ एका साध्या गोष्टीस लावून पाहू. ती गोष्ट म्हणजे सर्वांच्या उपयोगाची, पण ओसाड पडलेली भाजीची बाग.

अशी जागा पुष्कळ गावी दिसते. कोठे प्रार्थनामंदिराच्या मागे, कोठे शाळेच्या आवारात, तर कोठे हातपंपाच्या शेजारी एके काळी वाफे होते. आता तेथे गाजरगवत माजले आहे आणि कुंपण मोडल्यामुळे शेळ्या चरत आहेत. नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानी पुरुष अशाच एका शेतावरून गेला. काट्यांनी भरलेली जमीन व ढासळलेली भिंत पाहून तो नुसता हळहळला नाही. त्याने विचार केला व बोध घेतला. ते शेत एका आळशाचे होते. परंतु सर्वांची बाग एकाच्या आळसाने ओसाड होत नाही. एकाने पाण्याची पाळी चुकविली. दुसऱ्याने ते पाहिले आणि मीच का राबावे, असे मनात आणिले. मग बोलाचाली झाली, दोन घरांचे येणेजाणे तुटले आणि वाफे वाळून गेले. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असा प्रकार झाला. बंधूंनो, विहिरीचे पाणी आटण्यापूर्वी माणसांतला सलोखा आटला होता. म्हणून गवत उपटावयास जाण्यापूर्वी ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी जावे. वेदीवर अर्पण आणणाऱ्यासही प्रभूने हाच क्रम घालून दिला आहे.

ओसाड जागा पुन्हा हिरवी होते काय, असे कोणी विचारील. ह्याचे एक उदाहरण दूरदेशचे आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात बावरी व ह्यूस्टन ह्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक मोकळी जागा होती. तेथे विटामातीचे ढिगारे व केरकचरा पडला होता. इ. स. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी नावाच्या त्याच भागातील एका चित्रकार बाईने आपल्या शेजाऱ्यांस व सोबत्यांस जमविले. त्या सर्वांनी कचरा उचलला, कुंपण घातले, बाहेरून माती आणून पसरली आणि साठ उंच वाफे करून त्यांत भाजीपाला लाविला. कोणासही मजुरी नव्हती. पुढील वर्षी नगरपालिकेने ती जागा महिन्यास एक डॉलर भाड्याने त्यांस दिली. त्यांचे पाहून त्या शहरात अशा अनेक बागा उभ्या राहिल्या. १९८६ साली त्या पहिल्या बागेस त्या बाईचे नाव देण्यात आले.

परंतु ह्याच हकिकतीत एक इशाराही आहे. अशा बागांपैकी शंभरांहून अधिक जागा १९९९ साली लिलावात काढण्याचे नगरपालिकेने योजिले होते. ज्यांनी वर्षानुवर्षे घाम गाळला, त्यांच्या हाती जमिनीचा हक्क नव्हता. दोन धर्मादाय संस्थांनी त्या जागा विकत घेतल्या म्हणून त्या वाचल्या. ह्यावरून हे शिकावे की, कुदळ मारण्यापूर्वी जागा कोणाची, हे पाहावे. ती मंडळीची असेल तर पंचांचा ठराव लिहून ठेवावा. ग्रामपंचायतीची असेल तर लेखी परवानगी घ्यावी. शास्त्रात अहाब राजालाही भाजीचा मळाच हवा होता. परंतु त्यासाठी त्याने नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा लोभ धरिला आणि त्या निरपराध मनुष्याचा जीव गेला. दुसऱ्याचा हक्क बुडवून लाविलेल्या भाजीला देवाचा आशीर्वाद कसा असेल?

आता एक नाजूक गोष्ट सांगावयाची आहे. सर्वांनी मिळून फुकट काम करावयाचे, असे ऐकताच आपल्यातील कित्येकांच्या मनास चटका बसतो, आणि तो बसणे योग्यच आहे. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या वेठ केली. त्यांच्या श्रमाचे मोल दुसऱ्यांनी खाल्ले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, तरी त्या दिवसांची आठवण घराघरांत आहे. म्हणून प्रत्येक मंडळीने स्वतःस विचारावे की, आमचे काम स्वेच्छेचे आहे की वेठीचे? ह्याची पारख करणे कठीण नाही. जेथे एक जण हुकूम करितो व दुसरा खणतो, तेथे वेठ आहे. जेथे न येणाऱ्यास दंड होतो अथवा त्याचे नाव सर्वांसमक्ष घेतले जाते, तेथेही वेठ आहे. आणि जेथे खणणारा एक व खाणारा दुसरा, तेथे तर उघड वेठ आहे.

नहेम्याच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय वाचा. यरुशलेमेचा कोट बांधताना याजक, सोनार, व्यापारी आणि एका अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा कामास लागल्या. केवळ तकोवा गावच्या श्रेष्ठांनी मान वाकविली नाही, आणि त्यांचा तो ताठा शास्त्रात कायमचा लिहून राहिला. तेव्हा पाळक, पंच व शाळामास्तर ह्यांनी पहिली कुदळ मारावी, आणि ती एक दिवसाची शोभा नसावी. जो मजुरीवर पोट भरतो, त्याचा रोज बुडेल अशी वेळ ठरवू नये. तसेच दोन डोकीवरून पाणी आणणाऱ्या बहिणींच्या डोक्यावर बागेची तिसरी घागर ठेवू नये. पाणी घालण्याची पाळी पुरुषांनीही घ्यावी.

कामाचा क्रम कठीण नाही. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. त्याने अंगास खाज सुटते, म्हणून हातास फडके गुंडाळावे. नंतर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे. कुंपणावाचून पेरणे म्हणजे शेळ्यांस जेवणाचे आमंत्रण होय. एका कोपऱ्यात खड्डा खणून त्यात पालापाचोळा व शेण टाकीत जावे, म्हणजे काही महिन्यांनी खत तयार होते. हातपंपापाशी वाहून जाणारे पाणी चर काढून वाफ्यांत आणावे. मोरीचे सांडपाणी मात्र पालेभाजीस देऊ नये. ते केळीस द्यावे. आरंभी मेथी पेरावी. ती तीन-चार आठवड्यांत हाती येते व खचलेल्या मनास धीर देते. भेंडीस सुमारे दीड महिना लागतो. शेवग्याची एक फांदी कोपऱ्यात रोवावी. तिचा पाला व शेंगा पुढे वर्षानुवर्षे मिळतात. पालेभाज्यांत रक्तास व डोळ्यांस लागणारी सत्त्वे असतात. ज्या घरी भाजी क्वचितच विकत येते, तेथील बाळंतिणीस व लेकरांस त्यांची गरज सर्वांत अधिक.

परंतु खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या शनिवारी तीस जण येतात, गाणी होतात. दुसऱ्या महिन्यात, ऊन तापलेले असताना, ज्याची पाळी आहे तो एकटाच बादली घेऊन जातो की नाही, आणि त्यास कोणी पाहत नाही तरी तो शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी नेतो की नाही, तेथे मंडळीचा विश्वास कळून येतो.

मग भाजी निघाल्यावर तिची वाटणी कशी करावी? लेवीयाच्या १९ व्या अध्यायात देवाने आपल्या लोकांस शेताच्या कडेचे पीक कापू नये व पडलेली फळे वेचू नयेत, अशी आज्ञा केली, कारण तो भाग गरिबाचा व परक्याचा होता. ध्यानात घ्या, ती भीक नव्हती. तो त्यांचा हक्क होता. त्याप्रमाणे बागेतील एक वाफा आधीच राखून ठेवावा. विधवेने, आजाऱ्याने, आणि उपासनेस न येणाऱ्या शेजाऱ्यानेही, कोणास न विचारता तेथून भाजी खुडावी. उरलेली राबणाऱ्यांनी सारखी वाटून घ्यावी.

शेवटी पुन्हा त्या अंजिराच्या झाडाकडे पाहा. पुढील वर्षी त्यास फळ आले की ते तोडले गेले, हे प्रभूने सांगितलेच नाही. दाखला माळ्याच्या बोलण्यावरच थांबतो. मुदत मिळाली आहे आणि कुदळ भिंतीशी टेकलेली आहे. आपल्या गावातील जी जागा आपण सोडून दिली, जो भाऊ आपण टाकून दिला, त्यांच्यासाठी देवाजवळ आणखी एक वर्ष मागावे, आणि प्रार्थनेहून उठताच खणावयास जावे. ह्या कामी कृपाळू देव आपल्या हातांस बळ देवो. आमेन.