ध्येय आणि अपेक्षा

हल्ली आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण-तरुणी संगणकाचे प्रोग्रॅम लिहावयास शिकून नोकरी मिळविण्याच्या विचारात असतात. कोणी पदवीधर होऊन चार वर्षे तुटपुंज्या पगारावर राबत असतो, कोणी अभियांत्रिकीची परीक्षा देऊनही घरी बसलेला असतो, कोणा भगिनीस मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा काम धरावेसे वाटते. अशांच्या कानी 'कोडिंग बूटकॅम्प' हा शब्द येतो. अमेरिकेच्या नौदलात व मरीन दलात नव्याने भरती झालेल्यांना ज्या छावणीत कडक शिस्तीने तयार करतात, तिचे हे मूळ नाव. त्यावरून तीन ते सहा महिन्यांत, कधी वर्षभरात, प्रोग्रॅम लिहावयास शिकविणाऱ्या वर्गांना ते पडले.

कोणता वर्ग चांगला हे येथे आम्हांस सांगावयाचे नाही. परंतु फी भरण्यापूर्वी माणसाने स्वतःपुढे काय ठेवावे आणि काय मिळेल अशी अपेक्षा धरावी, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नाही. आपण स्वतःशी, घरच्यांशी आणि कर्ज देणाऱ्याशी खरे बोलतो की नाही, असा तो प्रश्न आहे. म्हणून त्याचा विचार ह्या पानांत करणे आम्हांस उचित वाटते.

ही गोष्ट आपल्याकडे अगदीच नवी नाही. एनआयआयटी ही संस्था १९८१ साली निघाली आणि पुढे गावोगावी संगणकाचे वर्ग दिसू लागले. हैदराबादच्या वाचकांस अमीरपेठेविषयी सांगावयास नको. मैत्रीवनमच्या आसपासच्या गल्ल्यांतील पाट्या, भिंतींवरील पत्रके, आणि लहान गावांतून येऊन वसतिगृहात दाटीने राहणारी मुले त्यांनी पाहिलीच आहेत. बूटकॅम्प ह्या नावाचे वर्ग मात्र अमेरिकेत २०१२ च्या सुमारास सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोचा डेव्ह बूटकॅम्प आणि न्यूयॉर्कचे फ्लॅटायरन स्कूल हे त्यांतले आरंभीचे. डेव्ह बूटकॅम्प २०१७ च्या अखेरीस बंदही झाला. पुढे 'आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून पैसे द्या' अशी पद्धत निघाली आणि ती आपल्या देशातही आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ध्येय आणि अपेक्षा हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत मोठे अंतर आहे. जे करण्याचे वचन मी स्वतःला देतो ते ध्येय. जे दुसऱ्याकडून मला मिळावे असे मी धरून चालतो ती अपेक्षा. 'रोज सकाळी दोन तास अभ्यास करीन' हे ध्येय आहे. 'सहा महिन्यांत मला नोकरी लागेल' ही अपेक्षा आहे, कारण नोकरी देणारा मी नव्हे. 'सहा महिन्यांत नोकरी मिळवीनच' असे म्हटल्याने ती ध्येय होत नाही. केवळ तिचा वेश बदलतो. जे आपल्या हाती नाही त्याचे वचन देणे, मग ते स्वतःला का असेना, हे पुरते खरे बोलणे नव्हे. त्याचा परिणामही वाईट होतो. नोकरी लागली नाही तर प्रामाणिकपणे सहा महिने खपलेला मुलगाही स्वतःला वचनभंग करणारा समजू लागतो. आणि ज्याने अभ्यासात टाळाटाळ केली पण ओळखीने नोकरी मिळविली, तो स्वतःला यशस्वी म्हणवितो. दोघांनीही स्वतःला चुकीच्या मापाने मोजले.

ह्यावर कोणी म्हणेल, मग अपेक्षा धरूच नये काय? केवळ श्रम करावे आणि फळाचे नावही काढू नये काय? आम्हांस हे पटत नाही. दोन लाख रुपये देऊन जो शिकावयास जातो त्याने काहीच अपेक्षा धरू नये असे सांगणे म्हणजे पैसे घेणाऱ्यास मोकळे सोडणे होय. काही माणसे तर पुढे दुःख होऊ नये म्हणून आधीच काही मागत नाहीत. ह्याला नम्रता म्हणत नाहीत. ते भय आहे. अपेक्षा जरूर धरावी, परंतु ती कोणाकडून, कशाच्या आधारावर आणि किती, हे तपासून धरावी.

हे तपासणे किती जरूरीचे आहे हे दोन उदाहरणांवरून दिसेल. फ्लॅटायरन स्कूल आपल्या विद्यार्थ्यांपैकी ९८.५ टक्के लोकांस काम मिळते अशी जाहिरात करीत असे. त्यांत कायम पगाराच्या नोकऱ्यांबरोबर उमेदवारी, कंत्राटी कामे व सुटी कामेही धरली होती, आणि ही गोष्ट वाचणाऱ्याच्या सहज ध्यानी येत नव्हती. २०१७ साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केली आणि संस्थेने ३,७५,००० डॉलर भरून तडजोड केली. दुसरे उदाहरण लॅम्ब्डा स्कूलचे. ह्या संस्थेने पुढे ब्लूम इन्स्टिट्यूट असे नाव घेतले. तिच्या जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांस नोकरी लागते असे असे, परंतु तिच्या स्वतःच्या दप्तरातील आकडे ५० च्या आसपास, आणि कधी ३० पर्यंत खाली होते. पगारातून पैसे देण्याचा करार म्हणजे कर्ज नव्हे असेही ती सांगे. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण खात्याने एप्रिल २०२४ मध्ये हे कर्जच आहे असे ठरवून दंड केला आणि तिला असे कर्ज देण्यास बंदी घातली.

ह्यावरून सगळ्या संस्था लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. मात्र टक्केवारी ऐकली की तीन गोष्टी विचाराव्या. शंभर धरले ते कोण? प्रवेश घेतलेले, की शेवटपर्यंत टिकलेले, की नोकरीसाठी नाव नोंदविलेले? नोकरी म्हणजे काय धरले? आणि किती महिन्यांच्या आत? उत्तर तोंडी न घेता लेखी मागावे. शिक्षक प्रत्यक्ष किती तास शिकविणार, मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळणार, नोकरी लागली नाही तर हप्ते सुरू होणार की नाही, हेही लेखी असावे. संस्थेकडून अशी अपेक्षा धरणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. नोकरीच्या बाजाराकडून मात्र आपण फक्त आशा करू शकतो. आशा आणि अपेक्षा ह्यांतले हे अंतरही ध्यानात ठेवावे.

बाजार कसा फिरतो हे अलीकडेच दिसले. २०२३-२४ ह्या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस व विप्रो ह्या तीन मोठ्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांची संख्या मिळून सुमारे ६४,००० ने घटली. त्या वर्षी जे शिकून बाहेर पडले त्यांचा अभ्यास आधीच्या वर्षीच्या मुलांहून कमी नव्हता. त्यात २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि साधे प्रोग्रॅम यंत्राकडून लिहून मिळू लागले. म्हणजे नुसते प्रमाणपत्र हे ज्याचे ध्येय असेल त्याला मोह जवळच आहे. दिलेला स्वाध्याय यंत्राकडून करून घ्यावा, आपला म्हणून द्यावा, आणि प्रमाणपत्र घेऊन यावे. त्याचे ध्येय पुरे होईल, पण त्याला काही येत नसेल.

म्हणून ध्येय कौशल्याचे असावे, आणि ते साध्य झाले की नाही हे दुसऱ्यास तपासता यावे. 'चांगला प्रोग्रॅमर होईन' हे तपासता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'आमच्या शब्बाथशाळेच्या हजेरीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहीन, आणि तो एक महिना वापरून दाखवीन. तो कोठे अडला तर का अडला हे स्वतः शोधीन. दुसऱ्याने, किंवा यंत्राने, लिहिलेला शंभर ओळींचा प्रोग्रॅम वाचून त्यात काय बरोबर आणि काय चूक हे सांगू शकेन.' असे ध्येय बाजार मंद असला तरी आपल्या हाती राहते, आणि बाजार सुधारला की उपयोगी पडते.

वेळेचाही हिशेब आधी करावा. बारा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास शिकले तर ५७६ तास होतात. नोकरी सांभाळून रोज दोनच तास काढू शकणाऱ्यास तेवढ्यासाठी ४८ आठवडे लागतील, म्हणजे जवळजवळ वर्ष. हे न पाहता जो तीन महिन्यांची अपेक्षा धरतो, तो निराश होणार हे ठरलेलेच. तसेच पैसे भरण्याआधी महिनाभर हे काम करून पाहावे. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा अभ्यासक्रम कोणासही फुकट पाहता येतो. पायथॉन ही भाषा घरच्या साध्या संगणकावर शिकता येते. एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी दोन तास शोध करावा लागला, तर पुन्हा बसावेसे वाटते की उठून जावेसे वाटते, हे त्या महिन्यात कळते. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा हा दाखला आपण मुलांस शिकवितो. तो मोठ्यांनाही लागू आहे.

आतापर्यंत शिकणाऱ्याविषयी बोललो. पण आपल्याकडे एकटा मनुष्य शिकावयास जात नाही. त्याच्या मागे घर असते. बेळगावचा किंवा इंदूरचा एखादा मुलगा बंगळूरास वा पुण्यास राहावयास जातो, तेव्हा आईच्या बांगड्या गहाण पडलेल्या असतात, किंवा बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम मोडलेली असते. आई-वडील प्रेमाने देतात, ह्यात संशय नाही. परंतु न बोललेली अपेक्षा त्या पैशाबरोबर जाते, आणि तिचे व्याज बँकेच्या व्याजाहून जड असते. मुलगा फोनवर 'सगळे ठीक आहे' म्हणतो. तिसऱ्या महिन्यात त्याला समजेनासे झालेले असते, पण सांगावयाचे कसे? आपल्या आशेचे ओझे आपण त्याच्या खांद्यावर ठेवले आणि त्याला खरे बोलण्याची सोयच ठेवली नाही, तर दोष एकट्या मुलाचा नव्हे.

म्हणून घरातील सगळ्यांनी एकत्र बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्या असे आम्हांस वाटते. हे ध्येय कोणाचे: शिकणाऱ्याचे की वडिलांचे? किती पैसे आणि किती महिने घालावयाचे? नोकरी लागली नाही तर पुढची वाट कोणती? आणि कोणत्या वेळी थांबावयाचे? शेवटचा प्रश्न अशुभ म्हणून टाळू नये. थांबण्याची वेळ आधी शांतपणे ठरलेली असली, तर थांबणे हा पराभव ठरत नाही आणि एका कर्जावर दुसरे कर्ज चढत नाही. सुनेस किंवा मुलीस शिकावयाचे असेल तर तिच्या वाटची घरची कामे त्या महिन्यांत कोण करणार, हेही त्याच कागदावर यावे. नाही तर तिने आठ तास शिकावे ही अपेक्षा आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक तिनेच करावा ही अपेक्षा एकमेकींस भिडतील, आणि हार तिच्या अभ्यासाची होईल.

मंडळीचेही येथे काही कर्तव्य आहे. असा तरुण सुटीत घरी येतो तेव्हा उपासना सुटल्यावर दारातच आपण पहिला प्रश्न विचारतो, 'नोकरी लागली का?' आपला हेतू वाईट नसतो. पण ज्याचे उत्तर त्याच्या हाती नाही तेच आपण त्याला विचारतो, आणि तो पुढच्या रविवारी येण्याचे टाळतो. त्याऐवजी 'काय शिकलास, आम्हांस दाखव' असे विचारावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे मुलांच्या बाबतीत लहानपणापासून करावे. पहिला नंबर येईल का हे न विचारता, ह्या आठवड्यात तू स्वतः काय करणार, हे विचारावे. आणि पुढच्या आठवड्यात तेवढेच तपासावे. वचन तेवढेच द्यावे जेवढे आपल्या हाती आहे, आणि ते पाळावे, ही सवय ज्याला लहानपणी लागली त्याला मोठेपणी फी भरण्यापूर्वी काय लिहावे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

ह्या जूनमध्ये ज्यांच्या घरून कोणी अशा वर्गास जाणार असेल, त्यांनी पहिला हप्ता भरण्यापूर्वी तो कागद लिहावा, अशी आमची विनंती आहे.