मोहाची धार आणि नैवेद्याचा प्रश्न

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके थेट सातपुड्याला भिडतात. डोंगरातल्या वस्त्यांवर कोरकू, भिल, भिलाला, बारेला आणि निहाल लोक राहतात. त्यांच्या परंपरेत दारू म्हणजे मोहाच्या फुलांची, घरी गाळलेली दारू. देवाचे कार्य असो, लग्न असो की मर्तिक, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने तिची धार जमिनीवर पडली की मगच माणसे पितात. डोंगर उतरून आले की चित्र पालटते. शेगावला पायी जाणाऱ्या माळकऱ्यांसाठी दारू वर्ज्य आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे, आणि जिल्ह्यातली बौद्ध घरे ती धम्माचा भाग मानतात. एकाच जिल्ह्यात एकजण जे देवाला अर्पण करतो, ते दुसरा धर्म म्हणून सोडतो. मग दारूचा दोष नेमका कशात आहे? त्या पदार्थात, पिणाऱ्याच्या मनात, की ती कोणासाठी आणि कोणाबरोबर घेतली जाते यात?

मोहाचा फुलोरा साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतो. फुले रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून बायका-मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा मोकळी केलेली असते. मांसल, फिकट पिवळी फुले उन्हात वाळली की मनुकांसारखी तांबूस होतात. त्यांच्यात साखर भरपूर असते, म्हणून ती भाजून, शिजवून खातात आणि टंचाईच्या दिवसांत त्यांच्यावर पोटही भरते. दारूसाठी वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजत घालतात. हवेतले आणि फुलांवरचे किण्व साखरेवर काम करू लागले की या भिजाणाला, म्हणजे सडव्याला, बुडबुडे येतात, आणि ते थांबले की सडवा चुलीवर चढतो. वर गार पाण्याचे भांडे ठेवलेले असते. त्याच्या तळाला वाफ लागून थेंब जमतात आणि नळीवाटे बाहेर येतात. पहिल्या धारेची दारू सर्वांत कडक असते, पुढची उतरत जाते. गार पाणी वेळेवर बदलले नाही तर वाफ वाया जाते, आणि जाळ मोठा झाला तर सडवा करपून दारूला जळका वास लागतो. हे हातात मुरलेले ज्ञान आहे, आणि त्याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही.

दारूचा दोष कशात, या प्रश्नावर धर्मग्रंथांमध्ये एकमत नाही. वैदिक सौत्रामणी यागात सुरेची आहुती आहे. मनुस्मृती मात्र सुरेला अन्नाचा मळ ठरवते, ब्राह्मणाच्या सुरापानाला महापातक म्हणते आणि सुरेचे गुळाची, पिठाची आणि माध्वी असे तीन प्रकार सांगते. यांतली माध्वी मोहाच्या फुलांची, असा अर्थ टीकाकार कुल्लूकभट्ट देतो. म्हणजे सातपुड्यातल्या चुलीवर जे गाळले जाते, ते शास्त्रकारांना चांगले ठाऊक होते. पण त्याच स्मृतीत असेही म्हटले आहे की मद्यपान ही प्राण्यांची स्वाभाविक प्रवृत्ती आहे, तिच्यात दोष नाही, मात्र निवृत्तीचे फळ मोठे आहे. टीकाकारांनी या विधानाचा अर्थ अधिकारानुसार मर्यादित केला, तरी त्यातला ताण लपत नाही. चरकसंहिता वैद्याच्या बाजूने बोलते. मदात्ययाच्या, म्हणजे मद्यपानातून होणाऱ्या विकाराच्या, प्रकरणात विधीने, प्रमाणात घेतलेल्या मद्याला ती अमृतासमान मानते आणि अविधीने घेतलेल्याला विषासमान.

जैन विचार सर्वांत कठोर आहे. अमृतचंद्राच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्य हे असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान मानले आहे, त्यामुळे ते पिणे ही थेट हिंसा ठरते. आंबवण म्हणजे सूक्ष्म जीवांचेच काम, हे आजच्या वाचकाला माहीत असल्याने या युक्तिवादाची धार आणखी जाणवते. कुराणात एके ठिकाणी दारूत लोकांसाठी काही फायदे आहेत पण पाप फायद्याहून मोठे आहे असे म्हटले आहे, दुसरीकडे नशेत नमाजाजवळ जाऊ नका असे, आणि शेवटी ती पूर्ण टाळण्याची आज्ञा आहे.

सर्वांत बारीक चर्चा बौद्धांची आहे. पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे कारण म्हटले आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात वाद असा येतो की हिंसा किंवा चोरी हे कर्म स्वभावतःच सदोष असते, पण मद्यपान तसे आहे का? विनयधरांच्या, म्हणजे संघाचे नियम जाणणाऱ्यांच्या, मते आहे. आभिधार्मिकांच्या, म्हणजे अभिधर्माच्या अभ्यासकांच्या, मते नाही: ते बुद्धाने निषिद्ध केले म्हणून सदोष, कारण त्याने स्मृती सुटते आणि बाकीची सर्व शीले धोक्यात येतात. दुसरी बाजू अधिक पटणारी आहे. थेंबात पाप शोधण्यापेक्षा भान सुटल्यावर माणूस काय करतो इकडे ती बोट दाखवते. त्या सुटलेल्या भानाची किंमत बहुधा पिणारा भरत नाही, त्याची बायको आणि मुले भरतात.

वऱ्हाडात हा विचार शास्त्रार्थातून कमी आणि जगण्यातून जास्त आला. १८७६ साली शेंडगावला जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांचे, म्हणजेच पुढच्या गाडगेबाबांचे, वडील दारूपायी गेले. जातीच्या रिवाजाप्रमाणे डेबूजींच्या मुलीच्या बारशाला मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. पुढे आयुष्यभर कीर्तनातून त्यांनी देवापुढची पशुहत्या आणि दारू या दोन्हींवर प्रहार केले. देवाचे नाव पुढे केल्याने एखादी गोष्ट शुद्ध होत नाही, हा त्यांचा मुद्दा थेट नैवेद्याच्या प्रश्नाला भिडतो. आदिवासी समाजातूनही असे आवाज उठले. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवी चळवळीत देवी अंगात येऊन दारू सोडायला सांगत असे, आणि त्यामागे दारूच्या दुकानदारांचे शोषण झुगारण्याची प्रेरणाही होती. १९३० च्या दशकात पश्चिम खानदेशात गुलाम महाराजांनी भिलांना दारू सोडायला लावली.

तरीही डोंगरातल्या धारेमागे एक नीती आहे आणि ती समजून न घेता तिला नुसते व्यसन म्हणणे अन्याय ठरेल. तिथे दारू आधी देवाला, मग पूर्वजांना, मग जमलेल्या सगळ्यांना मिळते. ती कार्यासाठी गाळली जाते. धार टाकणारा आपल्या वाट्यातला पहिला भाग सोडून देतो. या मांडणीत दोषाचा निकाल पदार्थावर लागत नाही, नात्यावर लागतो: एकट्याने, लपून, कोणालाही न देता पिणे हाच इथे आचारभंग होतो. ही नीती टिकते ती दारू घरची असेपर्यंत. फुले व्यापाऱ्याकडे गेली आणि त्याच वस्तीत बाटली रोज पैशाला मिळू लागली की देवाचा वाटा राहत नाही, ऋतूची आणि कार्याची मर्यादाही राहत नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून विक्रीसाठी पेटवलेल्या हातभट्टीला नैवेद्याचे समर्थन लागू पडत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मिथेनॉलमिश्रित दारूने मेली. फुलांच्या परंपरेशी त्या धंद्याचा काही संबंध नव्हता. हौसेने घरी वाइन किंवा बिअर करू पाहणाऱ्या शहरी माणसालाही हीच कसोटी लावता येते: कलेचा आनंद खरा आहे, पण आपल्या प्याल्याचा भार दुसऱ्या कोणावर पडतो का, हे त्याने आधी पाहायला हवे.

देवाची दारू आणि धंद्याची दारू हा भेद कायदा करत नाही. राज्यघटनेचे कलम ४७ दारूबंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानते, कलम २५ धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते, पण तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे, आणि विनापरवाना गाळणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग गाळणारा विक्रेता असो की देवाची धार टाकणारा. पेसा कायद्याने १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. मेळघाटातले कोरकू त्या क्षेत्रात येतात. बुलडाणा जिल्हा येत नाही, म्हणून त्याच पर्वतरांगेतल्या, त्याच समाजाच्या गावांना हा अधिकार नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासींना स्वतःपुरती, मर्यादित प्रमाणात मोहाची दारू गाळायला सवलत आहे. बुलडाण्यातल्या गावाच्या हाती उरते ते दुकान बंद करण्याचे मतदान. त्यात आडवी बाटली आणि उभी बाटली ही चिन्हे असतात आणि महिला मतदारही बंदीचा निर्णय घडवू शकतात. पण ते मतदान परवानाधारक दुकानापुरते असते. चुलीवरच्या मोहाच्या मडक्याबद्दल, त्यातली धार देवाची की बाजाराची याबद्दल, गावाला आपले मत नोंदवायला त्यात जागा नाही.