अंगण सरळ असताना

नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणणाऱ्या बाईची आपण पिढ्यान्‌पिढ्या टिंगल करत आलो आहोत. पण ते अंगण खरोखरच वाकडं होतं की काय, हे जाऊन पाहण्याची तसदी एकाही मराठी माणसानं घेतलेली नाही. बाईवर अन्याय झाला असावा, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. आणि त्याला कारण झाली एक रायफल.

रायफल माझी नव्हे. आमच्या घरात हत्यार म्हणजे विळी आणि फार तर नारळाचा कोयता. २०२४ साली कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं आणि क्लबच्या जुन्या रायफलीवर नेम धरणाऱ्या माझ्या भाच्याला स्वतःची रायफल हवीशी झाली. पॉइंट टू-टूची, बोल्ट ॲक्शन, जर्मन. दर गोळी हातानं भरायची, बोल्ट हातानं बंद करायचा. किंमत ऐकून आमच्या मेहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आधी हात बसू दे, मग बघू," ते म्हणाले.

हे आपलं मध्यमवर्गीय वेदवाक्य. आधी फुटक्या पेटीवर सूर धर, मग चांगली पेटी. आधी लायकी, मग वस्तू. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा भाचा म्हणाला, "पण बाबा, हात बसला हे मला कळणार कसं?"

प्रश्न बिनतोड होता. पन्नास मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याचं बटण! आता एखादी रायफल पक्की आवळून बांधली तरी चार सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या विखरत असेल, तर काय होईल? नेम अचूक धरला तरी कधी आठच गुण पडतील, आणि हात हलला तरी कधी दहा. गुन्हा न करता शिक्षा आणि गुन्हा करून बक्षीस! असल्या घरात वाढलेलं पोर शिकणार तरी काय? खोटं न बोलणारा साक्षीदार हवा, तर त्याचे पैसे पडतातच.

बरं, नुसत्या रायफलीनं भागत नाही. या रिमफायर काडतुसाची ठिणगी पाडणारी दारू त्याच्या बुडाच्या काठात भरलेली असते, आणि पिन मध्यावर न आपटता त्या काठावर आपटते. हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. कारखान्यानं दिलं ते गोड मानायचं. नेमबाजीची गोळी मुद्दाम आवाजापेक्षा हळू, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास धावते, कारण आवाजापेक्षा वेगानं सुटलेली गोळी वाटेत मंदावली की त्या उंबरठ्यावर अडखळते. एवढं करूनही वेगात दहा मीटरांचा फरक पडला, तर गोळी सहा-सात मिलिमीटर वर-खाली जाते. बटणाचा मध्य हुकला!

आणि गंमत म्हणजे, कंपनी तीच, डबा तोच, किंमत तीच, पण एका घाण्याच्या गोळ्या या रायफलीला मानवतात आणि दुसऱ्या घाण्याच्या मानवत नाहीत. शेजारच्या रायफलीचं नेमकं उलटं. म्हणून इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ एली आणि जर्मनीत लापुआ या कंपन्यांनी चाचणीची सोय ठेवली आहे. तिथे रायफल शिकंजात आवळतात आणि निरनिराळ्या घाण्यांच्या गोळ्या झाडून बघतात. छत्तीस गुण जुळवण्यापेक्षा ही पद्धत मला भरवशाची वाटते. इथे निदान दोघांची आधी गाठ घालून देतात. जमलं, की त्या घाण्याचा परवडेल तेवढा साठा घेऊन ठेवायचा. तो संपला की तसाच पुन्हा मिळत नाही.

या शिकंजाची मात्र मला जरा भीती वाटते. माणूस बाजूला केला की रायफल उत्तम मारते, हे तो कागदावर छापून देतो. मग चुकलं ते कोण?

मॅथ्यू एमन्स या अमेरिकन नेमबाजाची रायफल २००४ साली कुणीतरी मुद्दाम नासवली होती. त्यानं अथेन्सला उसन्या रायफलीनं सुवर्णपदक जिंकलं. अंगण दुसऱ्याचं, पण बाई नाचली! दोन दिवसांनी दुसऱ्या स्पर्धेत शेवटची एक गोळी उरली होती आणि हा तीन गुणांनी पुढे. त्यानं चाप ओढला, गोळी सुटली, ८.१ गुणांच्या जागी बसली. एवढ्यावर सुवर्ण नक्की होतं. फक्त ते लक्ष्य शेजाऱ्याचं होतं! पदरी शून्य, आणि हा थेट आठवा. यात रायफलीचं काय चुकलं? गोळीचं काय चुकलं?

चांगली वस्तू टाळण्यात आपली काटकसर किती आणि सबब जपणं किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही. जुनी पेटी, जुना टाइपरायटर, घासलेली बॅट आपण टाकवत नाही म्हणून ठेवतो, असं म्हणतो. खरं तर त्या आपली अब्रू राखत असतात. सरळ अंगण विकत घेणाऱ्याला छाती लागते, आणि ती पैशानं मिळत नाही. मेहुण्यांचा विरोध पैशापायी होता, हे मला पटत नाही. मुलाची शेवटची सबब आपल्या हातानं काढून घेणं कुठल्या बापाला सोपं वाटेल?

शेवटी भविष्यनिर्वाह निधीला हात लागला आणि रायफल आली. गोळ्याही जुळल्या. पहिल्या सामन्याहून भाचा घरी आला तेव्हा माझ्या बहिणीनं दारातच विचारलं, "काय रे, कसं झालं?"

"चांगलं झालं," तो बूट काढत म्हणाला, "पण वारा फार होता."