पलीकडचा किनारा

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून ज्यांनी लहानपणच्या उन्हाळी सुट्ट्यांत गाव गाठले आहे, त्यांना पाण्यावरच्या प्रवासाचे नवल सांगायला नको. तासाभराचे अंतर, पण मुंबईत जो 'साहेब' म्हणून ओळखला जातो, तो रेवसला उतरला की 'अमक्या तेल्याचा नातू' होतो. माणूस तोच, किनारा बदलला की त्याची ओळख बदलते. ही गंमत मी लहानपणापासून अनुभवत आलो. तीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, हे मात्र मला फार उशिरा, आणि तेही घरापासून हजारो मैलांवर कळले.

माझी मुलगी व जावई अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. गेल्या हिवाळ्यात तिकडच्या थंडीपासून सुटका म्हणून त्यांनी आम्हा उभयतांना व्हर्जिन बेटांवर नेले. उत्तरेला अटलांटिक महासागर, दक्षिणेला कॅरिबियन समुद्र आणि मध्ये ही बेटे. त्यांपैकी सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडली. आता तेथे धूर नाही की राख नाही. हिरवे डोंगर कोकणातल्यासारखे थेट समुद्रात उतरतात. पूर्वी ही बेटे डेन्मार्कची होती. ३१ मार्च १९१७ रोजी अमेरिकेने अडीच कोटी डॉलरचे सोने मोजून ती ताब्यात घेतली. तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण तेथे राहत असेतोवर त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. म्हणजे हक्कसुद्धा पाण्याबरोबर बदलतात!

सेंट थॉमसच्या शार्लट अमाली या गावी आपले एक जुने सिनेगॉग आहे. तेथील जमात १७९६ सालची, आणि आजची इमारत आधीची आगीत गेल्यावर १८३३ साली बांधलेली. मेझुझाला हात लावून आत पाऊल टाकले आणि मी थबकलो. पायाखाली फरशी नव्हती, वाळू होती. काही म्हणतात, आपले पूर्वज चाळीस वर्षे रानातून चालले त्याची ही आठवण. काही म्हणतात, स्पेन-पोर्तुगालमध्ये छळाच्या दिवसांत यहुदी चोरून प्रार्थना करीत, तेव्हा पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जमिनीवर वाळू पसरीत, त्याची ही खूण. कारण कोणतेही असो, त्या वाळूवर उभे राहून माझे डोळे भरून आले. नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांच्या पायांखालीही वाळूच होती ना?

मग कोणीतरी भिंतींची हकीकत सांगितली. दगड सांधण्याच्या चुन्यात म्हणे काकवी कालवलेली आहे. मुलीला ते ऐकून हसू आले. मला मात्र प्रश्न पडला, ही काकवी कोणाच्या हातची? १८३३ साली त्या बेटांवर उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलेबाळे कसत होती. तेथील इतर व्यापाऱ्यांप्रमाणे काही यहुदी घरांतही गुलाम राबत होते. डेन्मार्कने गुलामांचा व्यापार १८०३ पासून बंद केला, पण गुलामगिरी १८४८ पर्यंत चालू ठेवली. म्हणजे हे सिनेगॉग उभे राहिल्यावर पंधरा वर्षे त्या गावात पेसाह पाळला गेला, मिसर देशातील दास्याची आणि परमेश्वराने केलेल्या सुटकेची कथा वाचली गेली, आणि त्याच गावात माणसे विकत घेतलेली होती. त्या जमातीच्या नावात आशीर्वाद, शांती आणि दयेची कृत्ये असे तिन्ही शब्द आहेत.

आता कोणी म्हणेल, आजच्या मापाने जुन्या माणसांना मोजणे अन्याय आहे. तो त्या काळचा रिवाज होता. सारे जग तसेच वागत होते. मीही त्या रात्री मनाची अशीच समजूत घातली. ती समजूत दुसऱ्या दिवशी एका फेरीबोटीने मोडली.

सेंट थॉमसच्या पूर्व टोकाच्या रेड हूक बंदरातून सेंट जॉनला फेरीबोट जाते. साधारण वीस मिनिटांचा प्रवास. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, दप्तरे सांभाळणारी मुले. थेट आपली रेवसची लाँच. सेंट जॉनचा मोठा भाग १९५६ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर अॅनाबर्ग नावाच्या जुन्या साखर कारखान्याचे अवशेष उभे आहेत: पवनचक्कीचा दगडी बुरूज, रस आटवण्याच्या भट्ट्या, गुलामांच्या झोपड्यांच्या खुणा. याच बेटावर नोव्हेंबर १७३३ मध्ये गुलामांनी बंड करून कित्येक महिने बेटाचा बराच भाग आपल्या हाती ठेवला होता. शेवटी मार्टिनिकहून फ्रेंच शिपाई आणून ते मोडावे लागले.

त्या अवशेषांपाशी उभे राहिले की समोर अरुंद खाडीपलीकडे टॉर्टोला बेट दिसते, घरेसुद्धा दिसतात. ते ब्रिटिशांचे. मुलगी म्हणाली, "पप्पा, तिकडे जायचे तर बोट आहे, पण पासपोर्ट लागतो." १८३४ साली ब्रिटिशांनी आपल्या राज्यात गुलामगिरी रद्द केली, आणि १८३८ साली तेथील माणसे पुरती मोकळी झाली. म्हणजे पुढची दहा वर्षे या किनाऱ्यावर जो माणूस मालाच्या यादीत होता, तोच समोरच्या किनाऱ्यावर स्वतंत्र होता. सेंट जॉनचे कित्येक गुलाम रात्री होड्यांतून ही खाडी ओलांडून पळाले. वाटेत बुडण्याचे भय होते, पकडले जाण्याचे भय होते. तरी ते गेले, कारण त्यांना पलीकडचा किनारा दिसत होता.

तो मालकांनाही दिसत होता! 'त्या काळी कोणाला सुचलेच नाही' हे म्हणणे येथे टिकत नाही. काळ दोन्ही किनाऱ्यांवर एकच होता. डेन्मार्कच्या राजाने १८४७ साली ठरविले की बारा वर्षांनी सर्वांना सोडू. गुलाम बारा वर्षे थांबले नाहीत. ३ जुलै १८४८ रोजी सेंट क्रॉय बेटावर हजारोंच्या संख्येने ते जमले, आणि गव्हर्नर फॉन शोल्टन यांना त्याच दिवशी त्यांची मुक्तता जाहीर करावी लागली.

वाचकहो, दूरच्या बेटांवरील मेलेल्या माणसांना दोष देणे सोपे आहे. आपल्या किनाऱ्याकडे पाहू. कोचीनच्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना पिढ्यान्‌पिढ्या बरोबरीची जागा नव्हती. त्यांच्यापैकीच एक, अब्राहाम बराक सालेम यांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आणि आपण? गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद आपल्या आजोबा-पणजोबांनी पाळलाच ना? सोयरीक नाही, भांड्याला हात लावू द्यायचा नाही, सेफेर तोरापाशी मान नाही. पुढे इस्राएल देशात आपल्याच लग्नसंबंधांविषयी शंका काढली गेली, तेव्हा आपण पेटून उठलो, आणि १९६४ साली आपल्याला न्याय मिळाला. ते योग्यच झाले. पण त्या दिवसांत आपल्यापैकी किती जणांना काळ्या इस्राएलांची आठवण झाली असेल?

आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत. शब्बाथच्या दिवशी त्यांचा घाणा बंद राही आणि बैलही मोकळा राही. तोराची आज्ञा मालकापुरती नाही. दास, दासी आणि मुके जनावर यांनाही विसावा मिळावा असे ती सांगते. हिब्रूचे अक्षर विसरलेल्या त्या तेल्यांनी ही गोष्ट जपली, याचा मला अभिमान वाटतो.

आणि म्हणूनच एक कबुली द्यावीशी वाटते. ठाण्याला आमच्या घरी कित्येक वर्षे पेसाहच्या रात्री आम्ही सारे टेबलाभोवती बसून सुटकेची कथा वाचीत असू, आणि आमची मोलकरीण भांड्यांसाठी स्वयंपाकघरात खोळंबून बसे. रात्री अकरा वाजून गेल्यावर ती कळव्याला कशी जाते, घरी तिच्या मुलांना कोण जेवू घालते, हे मी कधी विचारले नाही. विचारायला कोणता समुद्र ओलांडायचा होता? मध्ये एक दार होते, आणि तेही उघडेच असे.

दास्याची आठवण आपण कशासाठी ठेवतो? केवळ आपल्यावर झालेल्या जुलमाचा हिशेब ठेवायचा असेल, तर ती आठवण काकवीच्या भिंतीआडही सुखाने राहू शकते. ती आपल्या हाताखालच्या माणसाकडे पाहायला शिकवीत असेल, तरच तिला आठवण म्हणावे असे मला वाटते. येत्या पेसाहला आमच्या घरची भांडी सकाळपर्यंत तशीच राहतील, आणि ती घासायला मी व सौभाग्यवती उभे राहू, असे आम्ही ठरविले आहे. फार मोठी गोष्ट नाही. पण आपापल्या घरातले ते दार प्रत्येकाने एकदा शोधावे, एवढीच विनंती.