संतांचा मित्रशोक

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, आत्मा जर अमर, तर गेलेल्या मित्रासाठी रडावे काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास बजावले, ज्ञाते शोक करीत नाहीत. शास्त्र हे असे आहे. पण आपण वारकरी. शास्त्राचा अर्थ संतांच्या वागण्यात पाहावा, ही आपली रीत.

शके १२१८ (इ. स. १२९६), कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीस ज्ञानोबाराय समाधीस बसले. ज्यांनी गीतेवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या तेच हे. आणि ज्यांनी त्यांच्याबरोबर तीर्थयात्रा केली, ते नामदेवराय शोक करीत आहेत! समाधीच्या अभंगांत तो शोक त्यांनी स्वतःच गाइला आहे. नामदेवांना का आत्मा ठाऊक नव्हता? होता हो! मग भेद कुठे? शोकाने अर्जुनाचे धनुष्य गळाले. नामदेवांची वीणा काही गळाली नाही.

त्यानंतर नामदेव ५४ वर्षे राहिले. नाम थेट पंजाबात नेले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत त्यांची ६१ पदे आहेत. मंगळवेढ्यास गावकुसाखाली सापडून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनीच पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. महाद्वारी चोखोबांची समाधी आहे आणि समोर नामदेवांची पायरी. मित्राला निरोप द्यावा तो असा.

आमच्या दिंडीचा पखवाजी यंदा माघात गेला. चाळीस वर्षे तो माझ्या कीर्तनात उभा होता. माझे निरूपण लांबले की धुमेवर हळूच एक थाप देई. म्हणजे, "बुवा, आवरा आता!" त्याच्या दिवसाला एकाने मला हटकले, "महाराज, लोकांना ज्ञान सांगता आणि तुम्हीच रडता?" मी म्हटले, "बाबा, ज्ञान झाले म्हणून डोळे कोरडे होतात असे कोणत्या संताने सांगितले?"

पुढे एकादशीला कीर्तनास उभा राहिलो. त्याचा पखवाज आता त्याच्या पुतण्याच्या गळ्यात. हात कच्चा, पण तालाला पक्का. निरूपण लांबले. थाप आली नाही. मी थांबलो, कंठ दाटला. पोरगे माझ्याकडे पाहत राहिले. मग मीच विठ्ठलाचा गजर उचलला, आणि त्याने ठेका धरला.

तेव्हा मायबापहो, सोबती गेला तर खुशाल रडा. मात्र त्याचा टाळ खुंटीला टांगून ठेवू नका. घरातल्या, शेजारच्या कोणा पोराच्या हाती द्या. दिंडीत त्याची जागा मोकळी राहू देऊ नका. आषाढीस पंढरीला जाल तेव्हा पायरीवर माथा टेकून त्याच्या नावाचा एक नमस्कार जास्त करा; त्याची राहिलेली वारी तुमच्या पायांनी पुरी होईल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!