झऱ्याच्या उगमापाशी

(वाचन : २ राजे २:१९–२२)



यरीहोचे लोक अलीशाकडे आले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. आमचे गाव राहायला चांगले आहे, एवढे सांगून ते थांबले नाहीत. पाणी वाईट आहे आणि त्यामुळे जमीन फळ देत नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. आपल्याला मात्र गावाची उणीव परक्यापुढे बोलायला जड जाते. आजोबांपासून याच विहिरीचे पाणी पितो, त्याला काय झाले, असे आपण म्हणतो.

बेळगावहून चोर्ल्याकडे जाताना जांबोटी लागते. पुढे कणकुंबीजवळ मलप्रभेचा उगम. पावसाळ्यात त्या बाजूला छत्री मिटवायची सोय नसते. तीच नदी पूर्वेस सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि कालव्यांनी नवलगुंद-नरगुंदच्या काळ्या रानात जाते. देवाची देणगी मोठीच. पण काळ्या जमिनीला निचरा कमी. पाणी सतत दिले की जमिनीखालचे पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते, आणि त्यात विरघळलेले क्षार मातीच्या तोंडावर पांढरे फुलतात. कृष्णाकाठी शिरोळ-मिरजेच्या ऊसपट्ट्यातही हेच झाले. यरीहोची जमीन वाईट पाण्याने बिघडली होती. आमची चांगल्या पाण्याच्या हावेने बिघडली.

या दुखण्यावर संशोधन करण्यासाठी १९६९ साली कर्नालला केंद्रीय संस्था निघाली. धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि सांगलीजवळचे कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र येथील शास्त्रज्ञही यात राबले आहेत. ते मातीचा सामू आणि क्षार तपासतात, पाणी किती खोल आहे ते मोजतात. चोपण जमिनीला जिप्सम देतात; क्षारपड रानात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून निचरा करतात. पण नळीतले पाणी सोडायचे कुठे? ओढ्यापर्यंत जायला शेजाऱ्याचे रान ओलांडावे लागते. त्याच्याशी दहा वर्षे बोलणे नसेल, तर सारी विद्या बांधापाशी अडते. तेथे शास्त्रज्ञाचा इलाज चालत नाही. तेथे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी जाऊन बसायचे असते.

पाणी तपासायला देणे म्हणजे विश्वास कमी, असेही काहींना वाटते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसे गेली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी याला कारण आहे, असे डॉ. जॉन स्नो म्हणाले. तेथील तरुण पाळक हेन्री व्हाइटहेड यांना ते पटेना. हे म्हणणे खोडून काढावे म्हणून ते घरोघर फिरले. रोगी त्यांच्या ओळखीचे, त्यामुळे डॉक्टरला न उघडणारी दारे त्यांना उघडली. शोध घेता घेता ते पंपाजवळच्याच घरातील एका तान्ह्या मुलीपर्यंत पोचले. तिची दुपटी धुतलेले पाणी ज्या खड्ड्यात ओतले जाई, तो पंपाच्या विहिरीत पाझरत होता. आपलेच म्हणणे चुकले, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. व्यासपीठावर उभे राहणाऱ्यांना ते किती अवघड, हे आम्हांला ठाऊक आहे.

अलीशा पाण्याच्या उगमापाशी गेला. मिठाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, उगमाची विसरतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा पाठ एकदा विहिरीच्या काठावर घ्यावा. मोरी किती पावलांवर आहे, गुरे कोठे धुतात, हे मुलांना मोजू द्यावे. नमुना पाठवायचा तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, घरची धुतलेली चालत नाही; भरली की थंड ठेवून त्याच दिवशी पोचती करावी. अलीशानेही नवे भांडे मागितले होते. त्यातून आम्ही ओढूनताणून शास्त्रीय अर्थ काढत नाही. पाणी बरे केले ते परमेश्वराने. भांडे आणि मीठ मात्र गावच्या लोकांनीच आणून दिले होते.