डासाची हिंसा आणि गर्भवतीची मच्छरदाणी

साधी मच्छरदाणी डासाला अडवते. डेल्टामेथ्रिनसारखे कीटकनाशक धाग्यात मुरवलेली मच्छरदाणी तिच्यावर बसलेल्या डासाला मारते. जैन वर्गीकरणात डास चतुरिंद्रिय जीव आहे. मग अहिंसाव्रत पाळणाऱ्या घरातील गर्भवतीने अशी मच्छरदाणी वापरावी काय?

साधूच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. त्याने समभावाने सोसायच्या बावीस परीषहांत ‘दंशमशक’, म्हणजे डासमाश्यांचा उपद्रव, येतो. बौद्ध विनयपिटकातील चुल्लवग्गाने मात्र भिक्खूंनाही मच्छरदाणीची मुभा दिली. अर्थात ती विनाऔषधाची होती. जैन गृहस्थाला संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूने मारणे, वर्ज्य आहे. स्वसंरक्षणात घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णपणे टळत नाही, असे मानले जाते.

परीषह स्वेच्छेने सोसायचा असतो. गर्भाने असे कोणतेही व्रत घेतलेले नसते. फाल्सिपेरम हिवतापाचे परजीवी वारेत साठतात. आईला रक्तक्षय होतो, गर्भपाताचा धोका वाढतो, बाळ कमी वजनाचे जन्मते. व्हायवॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि त्यांना तेथून घालवणारे प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही. म्हणून डास चावू न देणे हाच मोठा आधार उरतो.

दिल्लीत हा विचार आणखी एक पायरी मागे जातो. येथे हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास गच्चीवरच्या टाक्यांत आणि कूलरमध्ये वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात; म्हणून कूलर आठवड्याला रिकामा करून कोरडा ठेवायला सांगतात. त्यातही अळ्या मरतातच. टाकीला घट्ट झाकण असेल, तर डासाला अंडी घालायला जागाच मिळत नाही आणि मारायला जीवही उरत नाही. त्यानंतर खिडकीची जाळी, मग साधी मच्छरदाणी, असा कमी हिंसेचा क्रम लागतो.

यमुनेच्या खादरातील, म्हणजे पूरमैदानातील, झोपड्यांना धड दारे-खिडक्या नसतात आणि भोवतालचे पाणी झाकता येत नाही. साधी मच्छरदाणी फाटली किंवा अंग तिला टेकले, की डास चावतो. तेथे औषधी मच्छरदाणी समर्थनीय ठरते. तरीही ती अहिंसक ठरत नाही. हेतू रक्षणाचा असला, तरी डास मरणार हे आधीच ठाऊक असते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो. त्या कसोटीवर खादरातील मच्छरदाणीपेक्षा शहरातल्या गच्चीवरची उघडी टाकी अधिक दोषास्पद आहे.